बाळंतपणानंतरचा तास

पार्वताबाई सिस्टरांचा मला इतका राग यायचा, की विचारू नका. आज त्या असत्या तर मी त्यांच्या पाया पडले असते, असं म्हणायची पद्धत आहे. मी नाही म्हणणार. पाया पडलेलं त्यांना खपायचंच नाही. कुणी वाकलं की म्हणायच्या, "वाकतेस कशाला? हात धुऊन ये." त्यांच्या लेखी जगातल्या निम्म्या अडचणी हात नीट न धुतल्यामुळे झालेल्या होत्या.

शहाऐंशी सालची गोष्ट. धुळ्यात देवपूरला आमचं नर्सचं ट्रेनिंग सेंटर होतं. आम्ही एकोणीस मुली. मी शिरपूरकडची, आमच्या बौद्धवाड्यातली नोकरीच्या वाटेला लागलेली पहिली पोरगी. माझे वडील अभिमन जिनिंगमध्ये कापसाच्या गासड्या उचलायचे. मी अजून पुरती शिकले नव्हते, तोवर त्यांनी गावभर सांगून ठेवलं होतं, "मनी पोर नर्स शे!" सुट्टीत घरी गेले की लोक मला मनगट पुढे करून नाडी बघायला लावायचे. मीही बघायचे. मोठ्या ऐटीत, दुसऱ्या हातात घड्याळ धरून.

सेंटरमध्ये मात्र ऐट चालायची नाही. पहिल्याच आठवड्यात सिस्टरांनी आमच्या हातांना तेलात कालवलेलं काजळ फासलं, डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या आणि साबणाने हात धुवायला लावले. पट्ट्या सोडल्यावर बघतो तर नखांच्या कडेला, अंगठ्याच्या बेचक्यात, मनगटाच्या मागे सगळं काळंच काळं. "एवढी घाण घेऊन तुम्ही बाळाला हात लावणार होतात," त्या म्हणाल्या. आम्ही हसत होतो. मग त्यांनी तोच प्रकार रोज, महिनाभर करायला लावला, तेव्हा आमचं हसू जिरलं.

दुसरा प्रकार टोपलीचा. उथळ टोपलीत चिंध्यांचं बाळ ठेवायचं, वर गोधडी टाकायची, आणि डोळे मिटून गोधडीवरून चाचपून सांगायचं, डोकं कुठं, पाठ कुठं. मी एकदा ठासून सांगितलं, "डोकं खाली आहे." गोधडी काढली तर तिथं बाळाचं बूड. सिस्टर म्हणाल्या, "लिले, हे बाळ खुर्चीवर बसलंय आणि तू त्याच्या बुडाला टोपी घालायला निघालीस!" अख्खी बॅच फिदीफिदी हसली. सगळ्यांत जास्त हसली ती बेबा, माझी मैत्रीण. पुढे दोन महिने ती मला टोपीवाली म्हणायची.

बेबा अमळनेरकडची, शेतकऱ्याघरची. रंगाने सावळी, बोलायला गोड, आणि हुशार म्हणजे किती हुशार! आमची जोडी होती. वार्डात एकमेकींची जागा धरून ठेवायची, डबा वाटून खायचा, पांझरेच्या पुलावरून चालत परत यायचं आणि वाटेत सिस्टरांची नक्कल करायची. नक्कल बेबा फार झकास करायची.

आता वहीचं सांगते, कारण सगळा घोळ तिथंच झाला. प्रत्येकीला एक लाल पुठ्ठ्याची वही. तिच्यात वीस बाळंतपणं लिहायची. बाळ आपल्या हातात आलं तर ते पान आपलं. वीस पानं भरली आणि त्यावर सिस्टरांची सही झाली तरच परीक्षेचा फॉर्म पुढे जायचा. मुली एकोणीस, वार्ड एक, त्यात वरच्या बॅचच्या पोरीही. मग काय, आमची पळापळ. एका खाटेवर बाळ झेललं, नाळ बांधली, बाळ पुसून आजीच्या ओटीत दिलं, की पळत दुसऱ्या खाटेपाशी. मी तर चपळ. बाळं गोळा करत हिंडायचे मी.

पण प्रत्येक पानावर खाली एक चौकट होती. बाळंतपणानंतरचा तास. त्या तासात बाईच्या पोटावर हात ठेवून बसायचं, गर्भाची पिशवी आवळून टणक झाली आहे ना ते बघायचं, दर पंधरा मिनिटांनी नाडी लिहायची. सिस्टर सांगून सांगून थकायच्या, "बाळाकडे बघायला शंभर माणसं असतात गं. आईकडे तुम्हीच." आम्ही माना डोलवायचो. तासभर एका जागी बसणार कोण? तेवढ्यात दुसरीचं बाळ हातचं जायचं. मग चौकट संध्याकाळी होस्टेलवर बसून भरायची. नाडी चौऱ्याऐंशी, शहाऐंशी, चौऱ्याऐंशी. पिशवी टणक. सगळ्या तेच करायच्या. बेबाही करायची, पण तिची चौकट बघत राहावं अशी असायची. प्रत्येक बाईची नाडी वेगळी, वेळा नीट जुळवलेल्या.

माझ्या वेळा जुळल्या नाहीत.

मार्चच्या सुरुवातीला सिस्टरांनी मला खोलीत बोलावलं. माझी वही टेबलावर उघडी होती. "मंगळवारी दुपारी अडीच वाजता तू कमलबाईच्या पोटावर हात ठेवून बसली होतीस," त्या म्हणाल्या.

"हो सिस्टर."

"आणि अडीच वाजताच ताईबाईच्याही."

मी वाकून बघितलं, दोन्ही पानांवर अडीचच.

"हात किती आहेत तुला?"

"दोन."

"मग बाकीचे दोन कुणाचे लावलेस?"

मला वाटलं जमिनीने पोटात घ्यावं. त्यांनी एकेक पान उलटून विचारलं. इथं बसलीस? इथं? मी पहिल्या तीन पानांना हो म्हणाले, मग रडायला लागले आणि खरं काय ते सांगितलं. वीस बाळं खरी, तास एकही खरा नाही. आणखी कोण कोण असं करतं, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी बेबाचं नाव घेतलं नसतं. एवढं मात्र मला आजही बरं वाटतं.

सिस्टरांनी वही मिटली. म्हणाल्या, "बाळ काय, पुष्कळदा आपलं आपणच येतं. तू नसतीस तरी आलं असतं. नर्स लागते ती त्यानंतर." मग निकाल दिला. फॉर्म पाठवायची शेवटची तारीख सत्तावीस मार्च. तोवर मी वीस बायांजवळ वीस तास बसायचं. बाळ दुसरीच्या हातात येईल, पान दुसरीचं होईल, मी फक्त बसायचं. मधे उठले तर तो तास बाद. वीस भरले तर फॉर्म जाईल, नाहीतर ऑक्टोबर.

ऑक्टोबर म्हणजे बॅच गेली. उन्हाळ्यात जिल्हा परिषदेच्या नेमणुका निघणार होत्या, सगळ्या मुली पांढऱ्या साडीत कामाला लागणार आणि मी होस्टेलवर. आणि बाबा? त्यांनी गावाला काय सांगायचं?

मी बसायला लागले. काय सांगू, अपमानच तो! माझ्याहून मठ्ठ पोरी बाळं झेलतायत आणि मी आपली स्टुलावर, बाईच्या पोटावर हात ठेवून, मनात सिस्टरांचा उद्धार करत. पहिल्या आठवड्यात पाच तास बाद झाले. एकदा कुणीतरी हाक मारली म्हणून उठले, एकदा बाळ रडलं म्हणून, एकदा तर नुसतं पाणी प्यायला. सिस्टर कॅनव्हासचे बूट घालायच्या, त्यांचं येणं कळायचंच नाही. मागून आवाज यायचा, "हा गेला. पहिल्यापासून." दात ओठ खाऊन मी पुन्हा पहिल्यापासून.

पण बसलं की हाताला कळायला लागतं. सुरुवातीला मला पोट म्हणजे पोट वाटायचं. सात-आठ बायांनंतर हाताखाली पिशवी आवळताना समजायला लागली, बेंबीखाली गोळा घट्ट व्हायचा, जरा सैल पडायचा, पुन्हा घट्ट. कुणाची लगेच आवळायची, कुणाची दमादमाने. आणि बाया बोलायच्या. एकीने पूर्ण तास मला तिच्या म्हशीची हकिकत सांगितली. एकीला तिसरी मुलगी झाली होती, ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. सासू बाहेर निघून गेली होती. मी नाडी मोजत राहिले. चाळीसएक मिनिटांनी ती भिंतीकडे बघतच म्हणाली, "नाक कोनावर गयं?" मी म्हटलं, "तुम्हीच बघा की अक्का." मग ती वळली. तिच्या नाडीचा आकडा मला अजून पाठ आहे, ब्याण्णव. तो मनाने लिहिलेला नव्हता.

सव्वीस तारखेला माझे एकोणीस तास झाले.

सत्तावीसला सिस्टरांना जळगावला मीटिंगला जावं लागलं. जाताना त्यांनी माझा फॉर्म सही करून क्लार्क जीवरामभाऊंकडे ठेवला आणि सांगून गेल्या, "वही पूर्ण झाली तरच पाठवा." पाचच्या एस.टी.ने शिपाई सगळे फॉर्म घेऊन नाशिकला निघणार होता. म्हणजे पाच वाजायच्या आत मला एक बाई आणि एक तास हवा होता. सकाळपासून वार्डात शुकशुकाट. एक बाई आली ती दुखत असूनही मोकळी होईना. मी तिच्या खाटेभोवती अशी येरझारा घालत होते, की तिची आई मला म्हणाली, "पोरी, तू बस बरं एका जागी."

शेवटी चारला पाच मिनिटं असताना तीच, रुक्माबाई, बाळंत झाली. नेरकडची, पहिलटकरीण, मुलगा झाला. बाळ एका दुसऱ्याच पोरीने झेललं. चार वाजून पाच मिनिटांनी वार पडली आणि मी हात ठेवला. हिशोब तुम्हीच करा. तास भरणार पाच वाजून पाचला.

मी मनात म्हटलं, जीवरामभाऊ देवमाणूस आहे, शिपायाला पाच मिनिटं थांबवेल, आणि एस.टी. तरी कुठं वेळेवर सुटते. रुक्माबाईचे सगळे नातलग बाळाला घेऊन व्हरांड्यात गेले. पेढे आणायला कोण जाणार यावर तिथं वाद चालला होता. ड्यूटीची सिस्टर आतल्या खोलीत दुसऱ्या बाईपाशी होती. आम्ही दोघीच. पहिली नाडी ठीक. दुसरी ठीक.

पाच वाजायला वीस मिनिटं असताना बेबा धापा टाकत आली. "अगं चल! जीवरामभाऊ फॉर्म बांधतायत. शिपायाला स्टँडवर जायचंय, पावणेपाचला निघतोय. वही घेऊन आत्ताच्या आत्ता बोलावलंय."

"माझी पंचवीस मिनिटं राहिलीत."

"आकडे भर आणि जा. मी बसते तुझ्या जागी." तिने मला दंडाला धरलं. "लिले, वेडी आहेस का? सिस्टर जळगावला आहे. कोण बघतंय?"

खोटं कशाला बोलू? मी उठले. चप्पल घातली. वहीत उरलेल्या दोन्ही नाड्या लिहिल्यासुद्धा, अठ्ठ्याऐंशी आणि शहाऐंशी. बेबाचं हे सगळं माझ्यासाठी किती प्रेमाने चाललं होतं! आणि तरी मला एक माहीत होतं. मी दाराबाहेर गेले की बेबा पाच मिनिटंही बसणार नाही. ती कधीच बसत नव्हती. मीही बसत नव्हते, म्हणून तर मला माहीत होतं.

जाता जाता एकदा बघावं म्हणून मी परत हात ठेवला. गोळा लागेना.

मघाशी बेंबीखाली टणक होतं, तिथं आता मऊ, कणकेसारखं. मी दाबलं. रुक्माबाई म्हणाली, "बाई, माले चक्कर ई ऱ्हायनी." तिचे ओठ पांढरे पडले होते. मी चादर उचलली. खालचं कापड पूर्ण भिजून गादीत उतरलं होतं.

"बेबा, डॉक्टरांना बोलव! पळ!"

ती पळाली. मी पोट चोळायला लागले, गोल, जोरात, सिस्टरांनी टोपलीवर शिकवलं होतं तसं, पण टोपली कधी अशी ओरडत नाही. रुक्माबाई ओरडत होती, मी चोळत होते आणि तिला म्हणत होते, "झोपू नको, माझ्याकडे बघ, नाव सांग पोराचं, काय ठेवणार?" दारात आलेल्या आजीला ओरडून बाळ आत मागवलं आणि छातीला लावलं. डॉक्टर आले, इंजेक्शन झालं, सलाईन लागली. मला कुणीतरी म्हणालं, आता हात काढ. मी काढला नाही. बऱ्याच वेळाने हाताखाली गोळा आवळला, सैल पडला, पुन्हा आवळला आणि आवळलेलाच राहिला. डॉक्टर म्हणाले, "आणखी दहा मिनिटं कळलं नसतं तर अवघड होतं. कोण बसलं होतं हिच्याजवळ?"

मी घड्याळ बघितलं. साडेपाच होऊन गेले होते.

जीवरामभाऊ ऑफिसात तसेच बसून होते. माझा एकटीचा फॉर्म टेबलावर. "पोरी, पाचला दहा कमी होईपर्यंत थांबवलं गं शिपायाला. गाडी कुणासाठी थांबते?" मी तिथंच खाली बसले आणि हंबरडा फोडला.

दुसऱ्या दिवशी सिस्टर आल्या. त्यांनी वही मागितली. रात्री मी खोडलेल्या दोन नाड्या त्यांना दिसल्याच. "हे काय?"

"उठले होते मी. खोटं लिहिलं होतं."

"रुक्माबाई कशी आहे?"

"बरी आहे."

"मग डोळे का सुजलेत?"

तेव्हा मात्र माझा तोल गेला. मी म्हणाले, "तुमच्यामुळे गेली माझी परीक्षा! सगळ्याच तसं करतात, आणि शिक्षा मला एकटीला!" कुठल्याही विद्यार्थिनीने सिस्टरांशी असं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी पेन काढलं, विसाव्या पानावर सही केली, तारीख घातली. म्हणाल्या, "फॉर्म वर्षातून दोनदा निघतो, लिले." बस्स! ना शाबासकी, ना सॉरी. मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना ते कळलं की नाही, कुणास ठाऊक.

घरी जाऊन बाबांना सांगायचं होतं. ते ओट्यावर बसले होते. मी सगळं सांगितलं, पहिल्यापासून, खोट्या नाड्यांसकट. ते बराच वेळ बोटांवर चिकटलेला कापूस काढत राहिले. मग विचारलं, "ती बाई वाचनी ना?"

"वाचली."

"तिना पोऱ्या?"

"तोही चांगला आहे."

"मंग बठ्ठं बरं शे," ते म्हणाले. "ऑक्टोबर काय लांब शे का?" आणि आत जाऊन भाकरी वाढायला सांगितलं. गावाला काय सांगितलं त्यांनी, मी कधी विचारलं नाही.

ते सहा महिने माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले महिने असतील, हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. नवी बॅच आली. सिस्टरांनी मला त्यांच्यामागे लावलं, आणि स्टुलावर बसलेल्या पोरींच्या मागे जाऊन "हा गेला, पहिल्यापासून" म्हणायचं काम माझ्याकडे आलं. संध्याकाळी पुलावरून मी एकटीच परत यायचे. नक्कल करायला बेबा नव्हती. सिस्टर कधीकधी सोबत चालायच्या. बोलायच्या कमी. एकदा म्हणाल्या, "तुझा हात चांगला आहे." मी ते एक वाक्य महिनाभर पुरवून पुरवून खाल्लं.

ऑक्टोबरात पास झाले, नेमणूक मिळाली, आणि सेवाज्येष्ठतेत माझ्या बॅचच्या सगळ्या मुलींच्या खाली गेले. सरकारी नोकरीत सहा महिने कधी भरून निघत नाहीत हो. बेबाला बढती आधी, सोयीची जागा आधी. ती जळगाव तालुक्यात साहेबीण झाली, मी त्याच जिल्ह्यात एका खेड्यात उपकेंद्रावर. मला वाईट नाही वाटलं असं नाही. यादी लागली की मी वरून खाली वाचायचे आणि बेबाच्या नावाशी थांबायचे.

एक्क्याण्णव साली बेबाचा नवरा मगन माझ्या उपकेंद्रावर आला, मोटरसायकलवरून, घामाघूम. बेबाचे दिवस भरले होते. जळगावात मोठ्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात नाव घातलं होतं, सगळी सोय होती. मगनभाऊ म्हणाले, "ती हट्टाला पेटलीय. तुम्ही आल्याशिवाय दवाखान्यात पाऊल टाकणार नाही म्हणते."

मी गेले. तेव्हा कुठं ती दवाखान्यात आली. तिथं बेबा खाटेवर होती, घामाने केस कपाळाला चिकटलेले. पाच वर्षांत आम्ही फारशा भेटलो नव्हतो. मी म्हटलं, "मला कशाला बोलावलंस? इथं एवढे शिकलेले लोक आहेत. बाळ ते घेतील की."

"बाळ कुणीही घेऊ दे," ती म्हणाली. "नंतर तू बस."

तिने माझा हात धरला. "माझ्या वहीतला एकही तास खरा नव्हता, लिले. मला माहीत आहे ना, माझ्यासारखी कोणी बसली तर काय होतं. तू त्या दिवशी उठली नाहीस."

"उठले होते," मी म्हटलं. "चप्पल घातली होती. तू होतीस तिथं."

"परत बसलीस ना," बेबा म्हणाली. "म्हणून."

दुपारी तिला मुलगी झाली. सगळे बाळाभोवती गोळा झाले. मी स्टूल ओढलं, बेबाच्या पोटावर हात ठेवला आणि घड्याळ न बघता बसून राहिले.